खिडकीची जागा

नकाशावर मुंबई आणि रायपूर ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली, तर त्या रेघेखाली मध्य हिंदुस्थानच्या इतिहासाची बरीच जुनी पाने सापडतात. ही रेघ सह्याद्रीला नाणेघाटापाशी ओलांडते. गोदावरीचे खोरे ती पैठण आणि देवगिरी यांच्या मधून पार करते, लोणारच्या सरोवराला जवळजवळ चिकटून जाते आणि हिंगणघाटावर येते. पवनीच्या आसपास वैनगंगा उतरून ती दुर्गजवळ शिवनाथ नदी ओलांडते आणि भिलाईच्या दक्षिणेकडून पुढे सरकून रायपूरजवळच्या माना येथील विमानतळावर संपते. भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे वाढलेल्या वसाहतींपैकी रुआबांधा ही एक. नावातच बांध असलेली ही वस्ती त्या रेघेपासून फार तर आठ-दहा किलोमीटर उत्तरेला पडते. मुंबईहून रुआबांध्याला घरी परतणारा मनुष्य विमानाने निघाला, तर सुमारे पावणेदोन तासांत तो हा सारा मुलूख आपल्या पायांखालून जाऊ देतो. त्याने तिकीट काढताना खिडकीची जागा मागितली असेल, तर एकच प्रश्न उरतो : डावी की उजवी?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु तसा तो नाही. उंचावरून मुलूख पाहण्यासाठी माणसांनी ह्याच रेघेच्या परिसरात एके काळी केवढे कष्ट उपसले, हे आठवले म्हणजे त्या जागेचे मोल ध्यानात येते.

हिंगणघाटात विल्यम लॅम्बटन ह्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्याने दक्षिण हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय पाहणीला आरंभ केला. पुढे अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीच्या बाजूने उत्तरेकडे सरकणारी एक मापनरेषा त्याने वीस वर्षे चिकाटीने ओढत आणली. ह्या कामाचा मंत्र एकच : उंच जागा गाठावी आणि तेथून दुसरी उंच जागा दिसावी. म्हणून त्याचे लोक टेकड्यांवर चढले, किल्ल्यांवर चढले, आणि जेथे टेकडीच नव्हती तेथे देवळांच्या शिखरांवर चढले. कोन मोजण्याचे त्याचे थोरले यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली भोसल्यांच्या तंजावरात ते मंदिराच्या उंच शिखरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. लॅम्बटनने ते तंबूत नेऊन स्वतःच्या हातांनी, कित्येक आठवडे खपून, पुन्हा कामाजोगे केले. एवढे करून त्या शिखरावरून जे दिसावयाचे, ते फार तर काही कोसांचे. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटात वारला. आज त्या गावावरून दहा किलोमीटर उंचीवर उडणाऱ्या विमानातून, हवा निर्मळ असेल तर, क्षितिज गणिताने सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असते. लॅम्बटनला हे सांगितले असते तर त्याने खिडकीवरचा पडदा खाली ओढून झोप घेतली असती, असे वाटत नाही.

१८२३ ह्याच सालाचा आणखी एक योगायोग असा की, लोणारचे विवर काही निराळे आहे ह्याची पाश्चात्त्य जगाला दखल घ्यावयास लावणारा जे. ई. अलेक्झांडर हा अधिकारीही त्याच वर्षी तेथे आला होता. अर्थात लोणारच्या काठावरील यादवकालीन देवळे सांगतात की, तद्देशीयांना त्या जागेची थोरवी कळण्यासाठी कोणा अधिकाऱ्याची वाट पाहावी लागली नव्हती.

विमान ह्या मुलखावर आले ते पुष्कळ नंतर, आणि आले तेही माणसांसाठी नव्हे, पत्रांसाठी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन जुहूच्या मैदानावर आपले ‘पस मॉथ’ विमान उतरविले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी ते टपाल बेल्लारीवरून मद्रासला पोहोचविले. त्या चिमुकल्या विमानात बसणाऱ्याला जागा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. जिकडे पाहावे तिकडे खिडकीच होती.

नागपूरचे महत्त्व ह्या कथेत १९४९ साली आले. त्या वर्षीच्या जानेवारीअखेर रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चारी शहरांहून रात्री निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाट होता होता ती आपापल्या गावी परत जात. विमानांत थोडे उतारूही असत. देशाच्या मध्यबिंदूवर चार दिशांची विमाने अशी रोज मध्यरात्री भेटत, हे दृश्य मोठे रम्य असले पाहिजे. परंतु ज्यांनी खिडकीतून पाहावे त्यांच्या वाट्याला त्या प्रवासात केवळ अंधार येई. ती व्यवस्था आता इतिहासजमा झाली आहे.

खिडकीचाही एक इतिहास आहे, आणि तो ह्याच मार्गांवरून उडालेल्या विमानांत वाचता येतो. १९५३ साली खाजगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली, तेव्हा तिच्या पदरी मुख्यतः युद्धातून उरलेली डाकोटा विमाने होती. त्यांच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यामुळे ती दोन-तीन किलोमीटरांहून फारशी वर जात नसत. त्यामुळे बैलगाड्यांच्या वाटा, विहिरी, खळ्यांतील कडब्याच्या गंजी हे सर्व उतारूला दिसे. १९५७ साली आलेल्या व्हायकाउंट विमानांना मोठ्या लंबगोल खिडक्या होत्या, आणि त्या काळच्या उतारूंना त्यांचे फार अप्रूप होते. १९६१ साली आलेल्या फोकर फ्रेंडशिपने तर एका निराळ्याच युक्तीने सर्वांना खूश केले. तिचे पंख खिडक्यांच्या वर, छताच्या पातळीला होते. परिणामी कोणत्याही रांगेत बसले तरी खालच्या जमिनीच्या आड पंख येत नसे. १९६४ साली कॅरॅव्हेल हे जेट आले. त्याच्या खिडक्या कोपरे गोलावलेल्या त्रिकोणासारख्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद होत्या. माणूस आभाळाकडे थोडे आणि जमिनीकडे अधिक पाहतो, हे ज्याच्या ध्यानात आले त्या कारागिराला शाबासकी दिली पाहिजे.

कोपरे गोल का, ह्याचे उत्तर मात्र दुःखद आहे. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन ब्रिटिश जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच मोडून पडली. फार्नबरो येथे एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, तिच्या आत पुनःपुन्हा दाब देऊन आणि काढून पाहण्यात आला. तेव्हा कळले की, दाबाच्या चढउताराने धातू थकतो आणि पत्र्याला पाडलेल्या खिडक्यांसारख्या छिद्रांच्या कोपऱ्यांशी त्याला तडा जातो. आजची विमानाची खिडकी लहान आणि गोलट असण्यामागे त्या चौकशीचा मोठा वाटा आहे. तिच्यात तावदानांचे तीन थर असतात. बाहेरचा भार सोसतो, मधला त्याच्या मदतीला असतो, आणि आतला केवळ उतारूच्या नखांपासून व नाकापासून इतर दोघांचे रक्षण करतो. मधल्या तावदानाला खालच्या बाजूस सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते. त्यामुळे दाब बाहेरच्या तावदानावर राहतो आणि काचेवर धुके साचत नाही. नवख्या उतारूने त्यावर बोट ठेवून काळजी करण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. मुंबईहून रायपूरकडे जाताना विमानाचे तोंड पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेले असते. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत सूर्य दक्षिण गोलार्धात, म्हणजे दिवसभर उजव्या हाताला असतो. त्या बाजूच्या खिडकीत बसणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येते, काचेवरचे ओरखडे झळाळतात आणि जमीन उन्हाविरुद्ध पाहिल्यामुळे धुरकट, करडी दिसते. डाव्या खिडकीतून मात्र सूर्य पाठीशी राहतो. त्याच उन्हात काळ्या मातीचे काळेपण, हरभऱ्याचा हिरवा आणि पळसाचा केशरी रंग स्वच्छ उघडतो. जो नियम छायाचित्रकाराला ठाऊक असतो तोच उतारूने लक्षात ठेवावा. परतीच्या प्रवासात अर्थातच उजवी बाजू धरावी. मे ते जुलै ह्या महिन्यांत दुपारचा सूर्य माथ्यावर, किंबहुना थोडा उत्तरेकडे असतो. तेव्हा ह्या नियमाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, आणि पावसाळा लागला की ढगांपलीकडे दिसणार तरी काय?

तरीही काहीतरी दिसतेच, आणि ते फार सुंदर असते. रेघेच्या किंचित उत्तरेला हरिश्चंद्रगड आहे. त्याच्या कोकणकड्यावरून खालच्या धुक्यात कधी कधी सप्तरंगी पूर्ण वर्तुळ उमटते. त्याला मराठीत इंद्रवज्र म्हणतात. साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानाविषयी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात ह्या वर्तुळाची नोंद केलेली आहे. ते दिसण्यासाठी पाहणारा मध्ये, सूर्य मागे आणि धुके पुढे असावे लागते. विमानातून ढगांवर पडणारी विमानाची सावली पाहिली तर तिच्याभोवती हेच वर्तुळ दिसते. ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असल्यामुळे पूर्वेकडे जाताना हिवाळ्यात डाव्या खिडकीच्याच वाट्याला येते. त्याचा एक विशेष असा की, ढग जवळ असून सावली मोठी पडली, तर वर्तुळाचा मध्य पाहणाऱ्याच्या स्वतःच्या जागेच्या सावलीवर असतो. पुढच्या रांगेत बसलेल्याला तो विमानाच्या नाकाशी दिसतो, मागच्याला शेपटीशी. प्रत्येक उतारूचे इंद्रवज्र वेगळे!

डाव्या खिडकीची बाजू एवढ्यावरच भक्कम होत नाही. रेघेच्या डाव्या अंगाला क्रमाने कळसूबाईचा डोंगर, देवगिरीचा सुळका, छत्रपती संभाजीनगर, वर्ध्याजवळचे सेवाग्राम, नागपूर, पवनी, गोसीखुर्दचा जलाशय आणि नवेगावबांध येतात. उजव्या अंगाला जुन्नर, पैठण आणि जायकवाडीचे विस्तीर्ण पाणी आहे. विमानांचे मार्ग आकाशात ठरवून दिलेल्या खुणांवरून जातात. म्हणून ते पट्टीच्या रेघेपासून वीस-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. त्यात जे अगदी पायांखाली येते ते मुळीच दिसत नाही, कारण खिडकी बाजूला असते, तळाला नसते. लोणारची पंचाईत हीच. ते रेघेला इतके लागून आहे की कोणत्या दिवशी कोणत्या खिडकीला दर्शन देईल ते सांगता येत नाही. दिले तर मात्र दहा-बारा किलोमीटर बाजूला असलेले ते पावणेदोन किलोमीटर व्यासाचे वर्तुळ, हात लांब करून धरलेल्या चार बोटांएवढे, हिरव्या पाण्याच्या डोळ्यासारखे खाली उघडलेले दिसते. त्याच्यासाठी कोणी उजवी बाजू पत्करली तर त्याला दोष देता येणार नाही.

कालिदासाचा मेघ ह्या बाबतीत सुखी होता. त्याला चारी बाजूंनी पाहता येत होते. त्याच्या प्रवासाचा आरंभ जेथून झाला तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हा पक्ष महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी मोठ्या व्यासंगाने मांडला. दुसरा पक्ष तो मान सरगुजातील रामगड टेकडीला देतो. पंडितांचा वाद पंडितांनी मिटवावा. विमानाच्या उतारूला एवढेच समाधान पुरे की रामटेक आणि रामगड, दोन्हीही डावीकडेच आहेत. रामगड दिसण्याइतका जवळ नाही. पण रामटेकची टेकडी पावसाळा संपल्यावरच्या निवळलेल्या हवेत, नागपूरच्या पलीकडे, नजर ठरली तर सापडते.

दिशा ठरली की रांग ठरवावी. आज बहुतेक मोठ्या विमानांचे पंख खिडक्यांच्या खाली असतात. एकशे ऐंशी आसनांच्या विमानात पुढच्या सात-आठ रांगा पंखाच्या पुढे मोकळ्या असतात. मधल्या रांगांतून पांढऱ्या पत्र्याखेरीज फारसे काही दिसत नाही. अगदी मागच्या रांगांतून दिसते, पण इंजिनाच्या उष्ण झोताने जमीन उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखी थरथरते. आणखी एक फसगत सांगितली पाहिजे. खिडक्यांमधील अंतर विमान घडविणारा ठरवितो, तर आसनांमधील अंतर विमान चालविणारी कंपनी. त्यामुळे दोहोंचा मेळ बसतोच असे नाही, आणि ‘खिडकीची’ म्हणून वेगळे पैसे मोजून घेतलेल्या एखाद्या जागेशेजारी नुसती भिंत निघते. लहान शहरांकडे जाणाऱ्या एटीआर विमानांचे पंख मात्र जुन्या फ्रेंडशिपप्रमाणे वरच असतात. त्यांत ही सारी चिंता मिटते, आणि ती उडतातही कमी उंचीवरून.

दूरच्या प्रवासालाही हाच हिशेब लागू पडतो. दिल्लीहून काठमांडू किंवा गुवाहाटीला जाताना हिमालय डावीकडे असतो, येताना उजवीकडे. हे ज्याने लक्षात ठेवले नाही त्याला शेजाऱ्याच्या खांद्यावरून शिखरे पाहावी लागतात. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा मुक्कामागणिक खाली उतरत जाणाऱ्या त्या उतारूंना देशोदेशींची भूमी जवळून दिसली. आता समुद्रापारच्या मुलाबाळांना भेटावयास निघालेली मराठी माणसे पुष्कळदा मध्यरात्री विमानात चढतात, आणि विमानातले दिवे मालवले की अर्धे जग झोपेत ओलांडले जाते. २०१२ पासून एअर इंडियाकडे आलेल्या ‘ड्रीमलायनर’ विमानांच्या खिडक्या जवळजवळ दीड फूट उंच आहेत. त्यांना ओढण्याचा पडदा नाही. बटण दाबले की काच निळसर होत काळवंडते, आणि सर्व खिडक्या एकदम काळवंडविण्याची कळ विमानातील सेवकवर्गाच्या हाती असते. सर्वांत मोठी खिडकी मिळाली, पण ती उघडी ठेवण्याचा अधिकार थोडा कमी झाला, असा हा सौदा आहे.

पूर्वेच्या वाटेवर वैनगंगा मागे पडली की जमिनीचा पोत बदलतो. काळे वावर संपते, जंगल येते, आणि त्या जंगलात व पुढच्या भातखाचरांत आरशाचे तुकडे विखुरल्यासारखी तळी चमकू लागतात. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांपासून थेट छत्तीसगडपर्यंत ही तळ्यांची परंपरा आहे. भिलाईच्या उत्तरेला असलेल्या धमधा गावाविषयी, त्याचप्रमाणे रतनपूरविषयीही, ‘छै आगर छै कोरी’ तळी होती असे तेथील लोक सांगतात. कोरी म्हणजे वीस. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. हिशेब कोणी पडताळून पाहिला असो वा नसो, हिवाळ्यातील तिरप्या उन्हात डाव्या खिडकीतून पाहणाऱ्याला तो अतिशयोक्तीचा वाटत नाही. १७४१ साली भास्करराम कोल्हटकरांचे घोडदळ नागपूरहून रतनपूरवर गेले, तेव्हा ह्याच तळ्यांच्या काठांनी त्याने घोड्यांना पाणी पाजले असणार. पुढे १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता, आणि दुर्ग-रायपूरच्या मराठी घरांची मुळे त्या काळापर्यंत पोहोचतात.

त्यानंतरचा मराठी माणसांचा लोंढा पोलादाच्या पाठोपाठ आला. भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा ती भोपाळ झालेली होती. २००० साली ती रायपूरला आली. एका पिढीने जागचे न हलता तीन राजधान्या पाहिल्या.

विमान गोंदियाच्या सुमारास उंची सोडू लागते. राजनांदगाव मागे पडते, शिवनाथेची वळणदार रेषा येते आणि तिच्या पूर्वेला दुर्ग. त्याच्या पुढे, डाव्या पंखाच्या टोकाशी, आखल्यासारखे सरळ रस्ते, झाडीत दडलेल्या क्वार्टरांच्या रांगा, झोतभट्ट्यांचे बुरूज आणि त्यांवरून वाऱ्याच्या दिशेने पसरलेला धूर. मरोदाचे पाणी सापडले की रुआबांधा शोधावयास वेळ लागत नाही. रात्रीच्या विमानाने येणाऱ्याला ह्यांतले काहीच दिसत नाही. पण त्याच वेळी कारखान्यात धातुमळी ओतली जात असेल, तर काळोखात उत्तरेकडे तांबूस उजेड फाकतो, क्षणभर आभाळाची कड पेटते आणि पुन्हा विझते. तोही डाव्याच खिडकीतून दिसतो.